आधी शटरखाली बघा!

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला कुठल्याही बाजारपेठेतून एक चक्कर मारा. पुण्याचा लक्ष्मी रोड असो, दादर असो, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या गावातला मेन रोड. आधी कुलपांचा खळखळाट, मग कुणीतरी खाली वाकून दोन्ही हातांनी लावलेला जोर आणि पाठोपाठ खडखडखड करत वर गेलेलं शटर. आपल्याकडच्या बाजारांची सकाळ याच आवाजाने होते. पण आता त्या खडखडाटात एक वेगळा सूर मिसळलाय. कान देऊन ऐकलंत तर घुंऽऽऽ असा एकसुरी आवाज येतो. दुकानदार बाहेर उभा राहून मोबाइल बघत असतो आणि शटर आपलं आपण, सावकाश, गुंडाळत वर चाललेलं असतं.

दुकानांचंच कशाला, तुमच्या सोसायटीचं सरकतं गेट, बेसमेंट पार्किंगच्या तोंडाशी असलेलं शटर, एखाद्या बंगल्याचं गॅरेज, सगळीकडे हीच मोटर येऊन बसलीये. एमएससाठी अमेरिकेला गेलेल्या तुमच्या मित्राच्या इन्स्टा स्टोरीत मागे जे पांढरं, चौकटी-चौकटींचं दार दिसतं ना, तेही तिचंच भावंड. फोन घेताना आपण रॅमपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं विचारतो. पण साध्या दुकानाच्या शटरचंही वजन शंभर किलोच्या पुढे सहज जातं, आणि ते रोज आपल्या डोक्यावरून वर-खाली होतं. त्याबद्दल आपण एकच गोष्ट विचारतो, ‘रिमोट कुठेय?’

म्हणून म्हटलं, आज जरा त्या डब्यात डोकावू. (अक्षरशः नको. का नको, ते पुढे येईलच.)

वजन पेलतं कोण?

हाताने उघडायचं शटर एखादा सडपातळ पोरगाही वर ढकलतो, तेव्हा शंभर किलो तो उचलत नसतो. शटरच्या वर जो आडवा पाइप असतो, त्यात स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढलं की त्या पिळल्या जातात आणि वर ढकललं की त्यांचा पीळ सुटतो. बहुतेक वजन हा पीळच पेलतो. आपण फक्त सुरुवातीचा धक्का देतो. म्हणूनच स्प्रिंगा थकल्या की तेच शटर एकाएकी जड वाटायला लागतं, आणि पूर्ण वर गेलेलं शटर हळूच हातभर खाली उतरून थांबतं. अशी कितीतरी शटरं खाली बांबूचा टेकू देऊन वर्षानुवर्षं चालवली जातात. बांबू सरकला तर काय, हा प्रश्न टेकूखालून ये-जा करणाऱ्या गिऱ्हाइकाला पडत नाही, कारण त्याचं लक्ष वडापावकडे असतं.

मोटर लागली की गणित बदलतं. नेहमीच्या पद्धतीत मोटर पाइपच्या एका टोकाला, बाजूला बसते. तिच्यापासून पाइपच्या चक्रापर्यंत सायकलच्या चेनसारखी, पण जाडजूड साखळी असते. बऱ्याचदा स्प्रिंगा ठेवतच नाहीत. अशा वेळी सगळं शटर टांगलेलं असतं ते त्या एका साखळीवर आणि मोटरमधल्या ब्रेकवर. ब्रेक घसरायला लागला की शटर ठरलेल्या जागी न थांबता इंचभर पुढे जातं, मग दोन इंच. आणि साखळी तुटली तर शटर थेट खाली. असं अचानक सुटलेलं शटर जागच्या जागी पकडणारं एक सुरक्षा उपकरण मिळतं. नवीन शटर घेणार असाल तर त्याचा उल्लेख कोटेशनमध्ये आहे का, एवढं बघायला इंजिनीअर असावं लागत नाही.

मोटरला कुठे थांबायचं, हे कळतं लिमिट स्विचमुळे. वर किती जायचं, खाली किती यायचं याच्या दोन खुणा सेट केलेल्या असतात. शटर जमिनीला टेकल्यावरही मोटर क्षणभर फिरत राहत असेल, खालच्या पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जात असतील, किंवा वर जाताना खालची जाड पट्टी डब्याला ‘ठक्क’ करून आपटत असेल, तर लिमिट सरकलंय. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. दुर्लक्ष केलं तर मात्र एक दिवस पट्टी गाईडमधून बाहेर येते, शटर तिरकं अडकतं आणि मग दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खा दिवस दुकान बंद.

आता मोटरच्या शटरचा सगळ्यात कॉमन अपघात सांगते. तो मोटरमुळे नाही, जुन्या सवयीमुळे होतो. रात्री शटर पाडलं, सवयीने दोन्ही बाजूंची कुलपं लावली. सकाळी घाईत एक कुलूप काढलं, दुसरं विसरलं आणि बटण दाबलं. हाताने उघडायचं शटर असतं तर अडलं असतं आणि आपल्याला कळलं असतं. मोटरला कळत नाही. ती ओढतेच. पट्टी वाकते, कडी उपटते, किंवा मोटरच जळते. ज्यांच्याकडे मोटर आहे त्यातल्या शहाण्या दुकानदारांनी यावर अगदी देशी उपाय काढलाय. कुलपांच्या चाव्या आणि रिमोट एकाच जुडग्यात. आणि त्याहून शहाण्यांनी शटरच्या आत, मोटरच्या स्विचवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘कुलूप?’ बस, एवढंच.

काकूंचं दुकान आणि छतातली साखळी

हे सगळं ऐकून वाटेल की मग मोटर हवीच कशाला? हाताला काय झालंय?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, लेस, अस्तर. ते चालवणाऱ्या काकूंचा खांदा धरला, तेव्हापासून शटर वर ढकलणं त्यांना अशक्य झालं. मग रोज सकाळी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मुलाची वाट बघायची. तो अकराला आला की काकूंचं दुकान अकराला उघडायचं. रात्री त्याला लवकर जायचं असलं की काकूंचंही दुकान लवकर बंद. दुपारी घरी जाऊन येणं तर विसराच. त्या म्हणायच्या, माझ्या दुकानाची वेळ मी सोडून सगळे ठरवतात.

मोटर बसली आणि काकू सकाळी साडेनऊला दुकानात दिसायला लागल्या. म्हणजे मोटर ही नुसती चैन नाही. ज्यांचे गुडघे, पाठ, खांदे कुरकुरतात त्यांच्यासाठी, व्हीलचेअरवरून ये-जा करणाऱ्यांसाठी, दुकान एकटीने चालवणाऱ्या बाईसाठी ते बटण म्हणजे कुणाच्याही पाया न पडता उघडणारं दार आहे. मला विचाराल तर आपल्याकडे मोटर बसवण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे आणि जाहिरातींत नेमकं तेच दिसत नाही. तिथे कायम एक चकचकीत एसयूव्ही असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. दिवाळीच्या आधी काकूंनी दुकानाला नवं फॉल्स सीलिंग करून घेतलं. पीओपी, मध्ये एलईडी, झकास. आणि ऐन गर्दीच्या आठवड्यात एका संध्याकाळी वीज गेली. साडेनऊ वाजले, दहा वाजले, शटर वरच. बाजूच्या मोटरला लाइट गेल्यावर हाताने चालवण्यासाठी एक लांब साखळी दिलेली असते. ती ओढली की शटर हळूहळू वर-खाली करता येतं. काकूंच्या मोटरलाही ती होती. फक्त ती आता नव्या कोऱ्या सीलिंगच्या वर, गुंडाळी करून ठेवलेली होती. कामगाराला ती लोंबकळती साखळी ‘घाण’ दिसली असणार. सीलिंगचा एक चौकोन रात्री अकरा वाजता फोडला, तेव्हा दुकान बंद झालं.

तेव्हा हे आजच करून बघा. तुमच्या घरी, दुकानात, सोसायटीत जिथे मोटरचं दार आहे तिथे वीज असतानाच मेन स्विच बंद करा आणि दार हाताने उघडून बंद करून दाखवा म्हणावं. शटरला साखळी असते. सरकत्या गेटच्या मोटरला किल्लीने उघडणारी एक कळ असते, ती फिरवली की गेट मोटरपासून मोकळं होतं. ही किल्ली कुठे आहे, असं सोसायटीत विचारून बघाच. सेक्रेटरी म्हणतील वॉचमनकडे, वॉचमन म्हणेल ऑफिसात, ऑफिसचं कुलूप बंद आणि ऑफिसची किल्ली सेक्रेटरींकडे. आणि ते गावाला गेलेत.

ही नुसती गैरसोय नाही, याचा धडा कॅलिफोर्नियाने फार वाईट रीतीने घेतलाय. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या उत्तर भागात वणवे पेटले. वीज गेलेली, आग दारापर्यंत आलेली आणि गाड्या गॅरेजमध्ये. मोटरपासून दार सुटं कसं करायचं हे माहीत नसल्याने किंवा ते जड दार हाताने उचलता न आल्याने लोक अडकले, काही जण त्यातच गेले. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि जुलै २०१९पासून घरगुती गॅरेजसाठी विकल्या जाणाऱ्या ओपनरना बॅटरी बॅकअप सक्तीचा झाला. आपल्याकडे वणवा नाही, पण शॉर्टसर्किटची आग आहे, पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटर आहेत, आणि बेसमेंटमधून गाडीने बाहेर पडायचा रस्ता बऱ्याचदा एकच आहे. त्या रस्त्यावर मोटरचं शटर असेल तर ते हाताने उघडणारी किमान तीन माणसं बिल्डिंगमध्ये हवीत.

एका हाताने ढकलता येतं का?

मोटरचं कुठलंही दार नीट आहे की नाही हे ओळखायची एक परीक्षा आहे. ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला कुठलंच अवजार लागत नाही. मोटर सोडवा आणि दार हाताने हलवून बघा. सरकतं गेट एका हाताने, फारसा जोर न लावता सरकायला हवं. अमेरिकेतल्या चौकटींच्या दाराची मोटर सोडवायची तर दार खाली, बंद असताना लाल दोरी ओढायची आणि मग दार कमरेइतकं उचलून सोडायचं. ते जिथल्या तिथे थांबायला हवं. धाडकन खाली येत असेल किंवा आपलं आपण वर पळत असेल तर स्प्रिंगचा तोल गेलाय. (दार वर असताना दोरी ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर ते अंगावर येईल.)

हाताने न हलणारं दार मोटर हलवते, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ठीक काही नसतं. चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं, रुळात खडी आणि गुटख्याच्या पुड्या बसलेल्या असतात, गेट एका बाजूला झुकलेलं असतं. मोटर हे सगळं मुकाट सोसते, एक दिवस बसते आणि आपण म्हणतो, ‘चायनाची मोटर, टिकणार किती!’ बिचारी.

इथेच खरा धोका आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच गेटमोटरांमध्ये अडथळा लागला की थांबायची किंवा उलट फिरायची सोय असते. किती जोर लागल्यावर थांबायचं, हे आतल्या सर्किटवर सेट करता येतं. आता गेटच अडखळत चालत असेल, तर मोटरला वाटतं मध्ये काहीतरी आलंय आणि ती सारखी थांबते. मेंबर वैतागतात. मेकॅनिकला फोन जातो. आणि तो रूळ साफ करण्याऐवजी, बेअरिंग बदलण्याऐवजी, स्क्रू-ड्रायव्हर घालून जोर वाढवून देतो. पाच मिनिटांत गेट ‘सुरळीत’. फक्त आता ते खडीवर थांबत नाही, तसंच मुलाच्या पायावरही थांबणार नाही.

लहानपणी गेटवर उभं राहून झोका घेतला नाही असं कोण आहे? गेट तेव्हा आपल्या भावाने ढकललेलं असायचं. आता ते मोटर ढकलते, वॉचमन केबिनमधून बटण दाबतो आणि गेटच्या पलीकडच्या टोकाला, भिंत आणि गेट यांच्या फटीत कोण आहे हे त्याला दिसत नाही. लहान मुलांचा जीव तिथेच, त्या फटीत जातो. आणखी एक गोष्ट म्हणजे रुळाच्या टोकाचा स्टॉपर. जमिनीत पक्का रोवलेला तो लोखंडी ठोकळा नसेल किंवा तुटला असेल, तर लिमिट चुकल्यावर गेट रुळावरून पुढे निघून आडवं पडतं. शेकडो किलोचं गेट. आज संध्याकाळी खाली उतराल तेव्हा एकदा त्या टोकाला जाऊन ठोकळा आहे का बघा.

याचा इलाज महागडाही नाही. दाराच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवलेले दोन छोटे डोळे, म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर. त्यांच्यामधली अदृश्य रेघ तुटली की बंद होणारं दार थांबतं किंवा उलट फिरतं. अमेरिकेत १९८०च्या दशकात लहान मुलं गॅरेजच्या दाराखाली सापडून दगावल्याच्या घटना इतक्या झाल्या की १९९०मध्ये तिथल्या संसदेला कायदा करावा लागला. १ जानेवारी १९९३नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला अशी सोय सक्तीची झाली. तिथे हे डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या वर बसवायचे नाहीत असा दंडक आहे. कारण उघड आहे, रांगणारं बाळ तेवढंच उंच असतं. आणि इतका कायदा होऊनही तिथली माणसं काय करतात? सेन्सर सारखे ‘त्रास’ देतात म्हणून दोन्ही काढून एकमेकांसमोर छताला चिकटवून टाकतात. आपल्याकडे वायर जोडून सेन्सर बायपास करतात. माणूस सगळीकडे सारखाच!

सेन्सर त्रास देतो त्याचं कारण बहुतेक वेळा फालतू असतं. काचेवर धूळ असते, कोळ्याने जाळं केलेलं असतं, सायकल घासून एक डोळा तिरपा झालेला असतो, किंवा ठरावीक वेळेला समोरून थेट ऊन येतं. फडकं मारा, सरळ करा. बायपास करून देणाऱ्या मेकॅनिकला मात्र चहासुद्धा देऊ नका.

आणि हो, शटर खाली येत असताना वाकून सुर्रकन आत शिरणं. कॉलेजच्या कॅन्टीनपासून मॉलच्या पार्किंगपर्यंत हा स्टंट मी पाहिलाय. दुकानांच्या साध्या मोटरच्या शटरला बहुतेक वेळा अडथळा ओळखायची कुठलीच सोय नसते. ते बाहुबलीला ओळखत नाही.

पाऊस, पाली आणि करंट

आपल्याकडे मोटरच्या दाराचं खरं वर्ष जूनला सुरू होतं. कोकणात तर खारी हवा बाराही महिने पट्ट्या खात असते. पण पावसात सगळीकडेच गंज चढतो, साखळीवरचं तेल धुऊन जातं, गाईडमध्ये चिखल बसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक रविवार यासाठी काढला तर वर्ष निभावतं. गाईड आधी ब्रशने कोरडी साफ करायची. साखळीला आणि बेअरिंगना वंगण द्यायचं. गाईडमध्ये मात्र ग्रीस थापायचं नाही, कारण त्यावर धूळ बसून काळी खळ तयार होते आणि शटर आणखी अडतं. तिथे लागलाच तर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा. घराघरात असलेला तो निळा-पिवळा डब्बा, डब्ल्यूडी-४०, गंज सोडवायला उत्तम. पण तो मुख्यतः गंज आणि घाण सोडवण्यासाठी आहे, टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मारल्यावर दोन दिवस आवाज बंद होतो आणि आठवड्याने दुप्पट येतो.

सरकत्या गेटची मोटर जमिनीलगत असते, आणि मुंग्या-पालींसाठी ती म्हणजे वन बीएचके, ऊबदार, कोरडी, भाडं नाही. वायर आत जाते त्या भोकातून पाल शिरते, सर्किटवर बसते आणि स्वतःही जाते, सर्किटही नेते. ते भोक एम-सीलने किंवा सिलिकॉनने बुजवणं हा दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त विमा. तुमच्या भागात पाणी तुंबत असेल तर मोटर सिमेंटच्या उंच ओट्यावर बसवून घ्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणच्या बाजारात पाणी शिरलं, ते ओट्याला जुमानणारं नव्हतंच. पण दरवर्षी घोटाभर साचणाऱ्या पाण्यापासून ओटा नक्की वाचवतो.

सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. लोखंडाचं दार, ओला रस्ता, ओले पाय आणि त्याला जोडलेली २३० व्होल्टची मोटर. शटरला किंवा गेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘थोडा करंट मारतो पावसात’ म्हणून सोडून द्यायचं नाही. मेन बंद करायचा, कुणालाही हात लावू द्यायचा नाही आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, त्याच दिवशी. मोटरच्या लाइनवर गळती ओळखून वीज तोडणारं आरसीसीबी असलंच पाहिजे. हा मुद्दा मी विनोद न करता लिहितेय, लक्षात घ्या.

बाकी बिघाड त्या मानाने प्रेमळ असतात. मोटर नुसती हुंकारते पण फिरत नाही? अनेकदा कपॅसिटर गेलेला असतो, फार खर्चाचं काम नाही. मोटर एकदम मेलीच? आधी विचारा, घरातल्या चिमुरड्याने रिमोटशी खेळत चार-पाच वेळा वर-खाली केलंय का. या मोटरा सतत चालण्यासाठी बनवलेल्या नसतात. काही मिनिटं सलग चालल्या की तापून स्वतःच बंद पडतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी थंड झाल्या की शहाण्यासारख्या चालू होतात. पुण्यातल्या दुकानांना एक ते चारची विश्रांती असते, ती मोटरलाही मानवत असणार.

स्वतः काय करायचं नाही, तेही सांगून ठेवते. स्प्रिंगला हात लावायचा नाही. शटरच्या पाइपमधली असो की अमेरिकन दाराच्या वरची, पिळलेल्या स्प्रिंगमध्ये अख्ख्या दाराचं वजन साठलेलं असतं. ती सुटली की सळई हातातून उडते आणि हाड मोडते. यूट्यूबवर व्हिडिओ आहेत म्हणून करून बघू नका. अमेरिकेत साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० वेळा उघड-बंद एवढं धरतात. दिवसाला चार वेळा दार वापरलं तर पुरती सात वर्षंही नाही. तुमचं घरमालकाचं दार जुनं असेल आणि एका रात्री बंदुकीच्या बारासारखा आवाज आला, तर घाबरू नका. स्प्रिंग तुटलीये. बटण दाबू नका, घरमालकाला फोन करा.

एमएसला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिथे थंडीत गाडी गरम करायला गॅरेजमध्येच चालू करून ठेवायचा मोह होतो. दार उघडं असलं तरी करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गॅरेजच्या भिंतीपलीकडे तुमच्या रूममेटची खोली असते.

रिमोट कुणाकुणाकडे आहे?

वर उचललं जाणारं दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१मध्ये बनवलं आणि १९२६मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. म्हणजे या बटणाला शंभर वर्षं झाली. त्याच बटणाच्या एका दारातून १९९८मध्ये गूगल सुरू झालं. कंपनीने स्वतःच्या इतिहासात आवर्जून नोंदवलं होतं की मेन्लो पार्कमधल्या त्या पहिल्या ऑफिसच्या दाराला रिमोट होता, कारण ते मैत्रिणीचं गॅरेज होतं!

रिमोटची भानगड अशी की जुन्या पद्धतीचा रिमोट दर वेळी एकच ठरलेला आकडा हवेत सोडतो. तो कुणी पकडला किंवा सगळे आकडे भराभर पाठवून पाहिले की दार उघडलं. २०१५मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा-संशोधकाने मॅटेल कंपनीच्या, विक्री बंद झालेल्या एका मेसेजिंगच्या खेळण्यात फेरफार करून असं ठरीव कोडचं दार दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवलं. खेळण्याने! यावरचा उपाय नव्वदच्या दशकातच आलाय. रोलिंग कोडमध्ये रिमोट दर वेळी नवा आकडा पाठवतो आणि दारालाच कळतं की पुढचा आकडा कोणता यायला हवा. आपल्याकडे दोन्ही प्रकार सर्रास विकले जातात. ओळखायची साधी खूण म्हणजे कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने तुमच्या रिमोटची दोन मिनिटांत डुप्लिकेट करून दिली, तर तो बहुधा ठरीव कोडचा आहे.

पण हॅकरची भीती सोडा. गेल्या पाच वर्षांत तुमच्या सोसायटीतून किती भाडेकरू गेले? त्यातल्या किती जणांनी रिमोट परत केले? बऱ्याच मोटरांच्या रिसीव्हरमधले सगळे रिमोट एकदम पुसून नव्याने जोडता येतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ‘सगळ्यांनी आपापले रिमोट घेऊन खाली या’ असा मेसेज ग्रुपवर टाकणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम.

आणि यात वॉचमनचं काय होतं, तेही बघा. पूर्वी तो गेट हाताने उघडायचा, सलाम ठोकायचा. आता त्याच्या हातात रिमोट दिला, पण तो वापरायचा कसा, अडकलं तर काय, हे कुणी शिकवलं नाही. गेट कुणाच्या गाडीला घासलं की भरपाई मात्र त्याच्या पगारातून कापायची चर्चा पहिली होते. बसवणारा माणूस येईल तेव्हा त्याला कमिटीच्या माणसांसमोर नाही, दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनसमोर उभं करा. त्यांना हाताची कळ दाखवायला लावा, मराठीत आणि हिंदीत.

वार्षिक सभेत मेंटेनन्स कराराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, बंद पडल्यावर बघू. लिफ्टबद्दल कुणी असं म्हणत नाही. गेटबद्दल म्हणतात, कारण ते जमिनीवर असतं. तुम्ही बावीस-तेवीसचे आहात, सभेला तुम्हाला मत नसेल, पण ग्रुपवर व्हिडिओ टाकता येतो. गेट हाताने ढकलून दाखवा, तुटका स्टॉपर दाखवा, छताला बांधलेला सेन्सर दाखवा. तीस सेकंदांची रील पुरते.

मेकॅनिक कुठून आणायचा, हा प्रश्न आपल्याकडे पडत नाही. जवळपास प्रत्येक शटरवर कोपऱ्यात, स्टेन्सिलने मारलेला, ‘शटर रिपेअरिंग’ आणि खाली मोबाइल नंबर. कुठल्या रात्री येऊन मारून जातात, देव जाणे. काही नंबर बंद असतात, काही भलत्याच माणसाचे निघतात, पण त्यातला एखादा माणूस रात्री अकराला शिडी घेऊन येतोच. काकूंकडेही तोच आला होता. दसऱ्याला शटरला नवा रंग मारतात तेव्हा हा नंबर पहिला पुसला जातो. रंगाचा डबा उघडण्याआधी तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.